चेकर सर ड्रॉइंग लाल करून परत देतात, मला काहीच येत नाही का?

डिप्लोमा नाहीतर डिग्री करून डिझाइनच्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलेली मुलंमुली माझ्याकडे कौन्सेलिंगला येतात तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, मॅडम मी या लाइनचा नाहीच बहुतेक, सोडून देऊ का. त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते, त्याला विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून.

निखिल म्हणू त्याला. सांगोल्याकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, पर्सेंटेज चांगले, भोसरीत वेल्डिंग फिक्स्चर (वेल्डिंग करताना पार्ट जागेवर धरून ठेवणारी चौकट) डिझाइन करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये अप्रेंटिस, राहायला कॉट बेसिसवर. आला तेव्हा रोज सकाळी निघायच्या वेळेला मळमळायचं, कधीकधी उलटी व्हायची, डबा तसाच परत यायचा आणि रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू. घरी फोनवर मात्र सगळं मस्त चाललंय, कारण लागला तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले होते. उलट्या ऐकल्यावर मी आधी त्याला डॉक्टरकडे पाठवलं, मनाचं म्हणून पोटाकडे दुर्लक्ष करायचं नसतं. तिथे काही विशेष निघालं नाही, मग आम्ही बोलायला बसलो.

नेमकं काय होतं विचारलं तर म्हणाला मॉडेल बनवतो, डिटेलिंग करतो, प्रिंट काढून ड्रॉइंग तपासणाऱ्या चेकर सरांकडे नेतो आणि ती पूर्ण लाल होऊन परत येते. एकदा सगळ्यांसमोर सर म्हणाले, हे कॉलेजचं जर्नल नाहीये. त्या दिवसापासून त्याने डाउट विचारणंच बंद केलं, रात्री आठ-आठपर्यंत थांबून एकच शीट परत परत तपासायचा, तरी चुका निघायच्याच, कारण जे माहितीच नाही ते कितीही वेळा बघितलं तरी दिसत नाही ना.

सरांनी ते चारचौघात बोलायला नको होतं हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. मनावर घेऊ नको वगैरे मी कुणाला म्हणत नाही, लागलं ते लागलंच. पण मग विचारलं की लाल काय काय होतं ते सांग, तर त्याला सांगताच येईना. खूप असतं मॅडम, एवढंच. इथेच मला वाटलं की निखिल चुकांचा आकडा बघूनच घाबरतोय, मजकूर त्याने वाचलेलाच नाही. कंपनीचं ड्रॉइंग बाहेर आणता येत नाही आणि आणूही नये, म्हणून म्हटलं एक वही कर, कस्टमरचं नाव नको, पार्टची मापं नकोत, फक्त सरांचा शेरा काय होता ते आपल्या शब्दांत लिही आणि पुढे लिही की हे मला माहिती होतं आणि घाईत राहिलं, की माहितीच नव्हतं, की या ऑफिसची पद्धत आहे.

पुढच्या वेळी वही घेऊन आला. टायटल ब्लॉकमधला रिव्हिजन नंबर बदलायचा राहिला, एकच डायमेन्शन दोन व्ह्यूमध्ये दिलं, डॉवेलच्या (पार्ट नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनेच्या) होलला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, साधाच ठेवला. मी म्हटलं मला यातलं कळत नाही, डॉवेलचं समजावून सांग. तर म्हणाला, १० मिलिमीटरचं होल म्हणजे बरोबर १० नसतं, एच७ लिहिलं की शून्य ते १५ मायक्रॉन मोठं चालतं, आणि त्यात एम६ टॉलरन्सची १० मिलिमीटरचीच डॉवेल पिन घट्ट बसते, ढिली राहिली तर फिक्स्चरचं लोकेशनच हलणार आणि वेल्ड झालेला पार्ट वाकडा येणार. हे त्याने न अडखळता सांगितलं, आणि हाच मुलगा आल्यापासून मला काहीच येत नाही म्हणत होता! वहीत फिरून फिरून त्याच चार-पाच चुका होत्या आणि माहितीच नव्हतं या रकान्यातलं बरंचसं कॉलेजात कुणी शिकवलेलंच नसतं.

प्रश्न विचारायची आम्ही अक्षरशः प्रॅक्टिस केली. नुसतं सर डाउट आहे म्हणायचं नाही, मी इथे असं केलंय, यासाठी केलंय, बरोबर आहे का असं विचारायचं, आणि दर पाच मिनिटांनी उठण्यापेक्षा प्रश्न साठवून चहानंतर एकदम न्यायचे. पहिल्यांदा सर म्हणाले आत्ता नाही, आणि गडी परत सोडायच्या गोष्टी करायला लागला. पण पुढच्या खेपेला सर त्याला खाली असेंब्लीला घेऊन गेले. तिथे त्याच्याच ड्रॉइंगवरून बनलेल्या ब्रॅकेटचा बोल्ट फिटरला आवळता येत नव्हता, शेजारच्या प्लेटमुळे अ‍ॅलन की आत जाऊन फिरायलाच जागा नव्हती. स्क्रीनवर बोल्ट मस्त बसलेला दिसतो, हाताला किती जागा लागते ते तिथे दिसत नाही. तेव्हापासून अ‍ॅलन की कुठून जाणार हे तो आधी बघतो.

आणि हे मी प्रत्येकाला सांगते, अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि त्यात तुम्ही कामगार नाही, शिकाऊ आहात, म्हणजे तुम्हाला अजून येत नाही हे गृहीत धरूनच घेतलंय आणि शिकवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. पण वर्षभर नुसती झेरॉक्स काढायला लावत असतील, स्टायपेंड अडवत असतील (२०१९ च्या नियमांनी डिप्लोमाला किमान ८००० आणि डिग्रीला ९००० ठरवले होते, सध्याचा आकडा सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर बघून घ्या), शिव्या देत असतील, तर तो तुमच्या आत्मविश्वासाचा प्रश्न नाही, तिथे वही करून उपयोग नाही. आधी कंपनीतल्या ट्रेनिंग बघणाऱ्यांशी बोला, नाही ऐकलं तर मुंबईतल्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडे लेखी कळवा, कॉन्ट्रॅक्टची कॉपी जवळ ठेवा. आणि झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं तर कुणाची वाट बघू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं.

निखिलने शेवटी वडिलांना खरं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, पैसे पाठवू का. त्याला रागवतील असं वाटलं होतं.

वर्ष संपल्यावर फर्मने त्याला ठेवून घेतलं नाही, जागाच नव्हती, आणि ठेवून घ्यायचं बंधन कायद्याने कंपनीवर नसतं. मुलं याला नापास होणं समजतात, निखिललाही आठवडाभर तसंच वाटलं. मग चाकणला फिक्स्चर बनवणाऱ्या एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेला, तिथे डॉवेल आणि क्लिअरन्सवरच (हाताला, हत्याराला लागणाऱ्या जागेवर) जास्त विचारलं, घेतलं त्यांनी. मळमळ गेली आहे, सोमवारी डिझाइन रिव्ह्यू असला की रविवारी धडधडतं अजून, त्यावर आमचं काम चालू आहे. तुमचंही वर्ष संपत आलं असेल तर बोर्डाचं सर्टिफिकेट मागून घ्या, कायम झाला नाहीत म्हणून रागाने तसंच सोडून येऊ नका.