७२ वर्षांच्या आईला १० तासांचा विमानप्रवास आहे, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती कितपत खरी?

भीती खोटी नाही, पण तेवढ्यासाठी प्रवास रद्द करू नका. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, ४ तासांच्या वर एकाच जागी बसलं की ते काम मंदावतं आणि वयामुळे गुठळीचा धोका मुळातच वाढलेला असतो. आईंना आइल सीटच घ्या, (खिडकीशी बसलेली म्हातारी माणसं शेजाऱ्याला कशाला उठवायचं म्हणून तासन्तास हलत नाहीत हो), अधूनमधून एक फेरी, बसल्याबसल्या टाचा-चवडे वरखाली, पाणी पीत राहायचं. आधी गुठळी, कॅन्सर किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा, ॲस्पिरिन मनाने देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली तर त्याच दिवशी दाखवा, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या.