‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेतला अंतराळयानाचा इंजिनिअर स्कॉटी साकारणारे जेम्स डूहान खरोखर स्कॉटिश होते का?

छे, पक्के कॅनेडियन! जन्म व्हँकुव्हरचा, १९२०चा. त्यांची खरी तालीम झाली ती रेडिओवर, कॅनडातच. त्यामुळे तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढण्यात हातखंडा. ऑडिशनला त्यांनी वेगवेगळ्या ढंगांत बोलून दाखवलं आणि इंजिनिअर म्हटला की स्कॉटिशच हवा, असं स्वतःच सुचवलं. मालिका १९६६ ते १९६९ चालली. पुढे ॲनिमेटेड मालिकेत तर स्कॉटीबरोबर कितीतरी इतर पात्रांना त्यांचाच आवाज होता. १९७९च्या चित्रपटातले क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या भाषेतले पहिले संवादही त्यांनीच रचले. त्या भाषेचं व्याकरण भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँड यांनी नंतर तयार केलं.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या उजव्या हाताला मधलं बोट नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ला ते फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर कॅनडाच्या सैन्यातून उतरले होते, त्या रात्री गोळ्या लागून ते बोट गेलं. छातीवरची गोळी खिशातल्या सिगारेटच्या डबीने अडवली. मालिकेत तो हात बहुतेक वेळा शिताफीने लपवलेला असतो.

मालिका संपल्यावर मात्र स्कॉटीचा शिक्का बसला आणि कामं मिळेनात. इतक्या अष्टपैलू नटाचं असं व्हावं, हे मला तरी फार खटकतं. २००५ साली ते गेले.