रोडॉप्सिनची जोडी: वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : डोळ्यातलं रोडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं प्रथिन जोडीनं राहतं असं वाचलं. म्हणजे एक प्रकाशकण टिपायला दोन रेणू लागतात का?

उत्तर : नाही. प्रत्येक रेणूत २९६व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला रेटिनल (जीवनसत्त्व ‘अ’पासून बनणारा, प्रकाश शोषणारा भाग) जोडलेलं असतं. फोटॉन पडला की ते सुमारे २०० फेम्टोसेकंदांत वाकडं असलेलं सरळ होतं. काही मिलिसेकंदांत अख्खा रेणू सक्रिय होऊन ट्रान्सड्युसिनला, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाला, कामाला लावतो. मेदाच्या इवल्याशा चकतीत, म्हणजे नॅनोडिस्कमध्ये, एकटा रेणू बसवून पाहिला तरी हे काम व्यवस्थित होतं.

जोडीचा वाद पेटला तो २००३ साली. उंदराच्या दंडपेशींमधल्या (मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमधल्या) रोडॉप्सिनच्या चकत्या अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर रोडॉप्सिन दोन-दोनच्या रांगांत बसलेलं दिसलं. लगेच हरकत आली : ते पेशीच्या मेदाच्या पटलात मोकळं फिरतं हे १९७०च्या दशकातच मोजलं होतं, आणि नमुना थंड झाला की मेद वेगळा होऊन प्रथिनं एकीकडे लोटली जातात. हरकत रास्तच होती. पण २०१५मध्ये झटपट गोठवलेल्या उंदराच्या दंडपेशींतही जोड्यांच्या रांगा सापडल्या, आणि २०१९मध्ये गाईच्या रोडॉप्सिनच्या जोडीची रचना मिळाली. त्यात दोन रेणू पहिल्या आणि आठव्या सर्पिलिकेपाशी (प्रथिनाच्या साखळीतल्या मळसूत्री भागापाशी) एकमेकांना टेकलेले आहेत. आमच्या मते जोडी खरी आहे. संदेश पाठवायला ती लागतेच, हे मात्र कुणी दाखवलेलं नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात रोडॉप्सिनच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडानं ओळखायची चाचणी) ४०, ८० आणि १२० किलोडाल्टनपाशी पट्टे आले. जोडी सिद्ध झाली असं लिहू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी सांगा, नमुना उकळला होता का? बहुतेक प्रथिनांना ९५ अंशांवर पाच मिनिटं देतात, तीच सवय इथे नडते. रोडॉप्सिन पटलातलं, तेलकट प्रथिन. उकळलं की गोळा होतं आणि जेलच्या तोंडाशीच अडकतं. नमुना एसडीएसमध्ये (प्रथिनं उलगडणाऱ्या साबणासारख्या रसायनात) अर्धा तास साध्या तापमानाला ठेवा. सल्फर-बंध तोडायला डीटीटी हे रसायन ताजं घाला. ४०चा, म्हणजे एकट्या रेणूचा, पट्टा थोडा पसरट आला तर घाबरू नका, दुसऱ्या आणि पंधराव्या जागेवर साखरेच्या साखळ्या असतात.

एवढं करूनही ८०चा, म्हणजे दोन रेणूंच्या वजनाचा, पट्टा टिकला, तरी तो पेशीतल्या जोडीचा पुरावा नव्हे. रेणू एसडीएसमध्येच एकमेकांना चिकटलेले असू शकतात. हे ताडायची सोपी युक्ती : एका पेशीसमूहात फ्लॅग-खूण असलेलं रोडॉप्सिन बनवा, दुसऱ्यात एचए-खूण असलेलं (फ्लॅग आणि एचए या प्रथिनाला जोडायच्या ओळखखुणा), तिसऱ्यात दोन्ही. पहिले दोन समूह वेगवेगळे विरघळवून नंतर एकत्र करा आणि फ्लॅगला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ओढून बाहेर काढा. एचए तरीही सोबत आलं, तर चिकटणं विरघळवल्यानंतर झालं. तिसऱ्या समूहातच आलं, तर पुढे जायला हरकत नाही. हा ताळा नसलेला ब्लॉट परीक्षक पहिल्याच प्रश्नात बाजूला ठेवेल, आणि बरोबरच करेल.

रेणू शाबूत आहेत का, हेही पाहा. रेटिनल घातल्यापासूनचं सगळं काम ६५० नॅनोमीटरपलीकडच्या मंद लाल उजेडात करा. खोलीतला साधा दिवा लागला की नमुना विरंजित झालाच, म्हणजे त्याचा रंग उडाला. शुद्ध नमुन्यात २८० आणि ५०० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.६ ते १.८ यावं. ते चढलं तर रेटिनल सुटलंय किंवा इतर प्रथिनं मिसळली आहेत. मात्रा काढायला हायड्रॉक्सिलअमीन (सुटलेल्या रेटिनलला बांधणारं रसायन) घालून उजेडाआधीचं आणि नंतरचं शोषण वजा करा : १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) ५००वर ०.४०६चा फरक म्हणजे १० मायक्रोमोलर.

प्रश्न : वडिलांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा (दृष्टिपटल हळूहळू खराब करणारा आनुवंशिक आजार) आहे. अहवालात रोडॉप्सिनच्या जनुकात बदल लिहिलाय. जोडी तुटल्यामुळे हे होतं का? जीवनसत्त्व ‘अ’च्या गोळ्या द्याव्यात का?

उत्तर : बदल नेमका कोणत्या जागेवर आहे, त्यावर सगळं अवलंबून. अमेरिकेत जास्त आढळणारा २३व्या जागेवरचा बदल (प्रोलिनऐवजी हिस्टिडिन) प्रथिनाची घडीच बिघडवतो. जोडीचा प्रश्न तिथे येतच नाही. ४५, २०९ आणि २२० या जागांवरचे बदल जोडी जमू देत नाहीत, असं २०१६मध्ये कृत्रिम पटलांत दिसलं होतं. पुढे ४५ आणि २२०चे बदल उंदरांत घडवले, तर त्यांचं दृष्टिपटल निरोगीच राहिलं. म्हणून या दोनपैकी एखादा बदल अहवालात असेल, तर तोच आजाराचं कारण आहे असं धरून चालू नका. घरातल्या आणखी कुणाकुणात तो आहे आणि त्यांना आजार आहे का, हे जनुक-समुपदेशकाकडून तपासून घ्या.

गोळ्या स्वतःहून देऊ नका. जीवनसत्त्व ‘अ’ यकृतात साठतं. जास्त झालं की यकृत आणि हाडं दोन्हींना त्रास होतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या हाती ही बाटली मुळीच लागू देऊ नका. मोठ्या मात्रेनं गर्भात व्यंग येऊ शकतं.