चार्टवरची हद्द वर गेल्यावर दिसतच नाही, मग आत घुसलो हे कळायचं कसं?

तुमचा प्रश्न असा, की तुम्ही इंदूरला फ्लाइंग शिकताय, नियंत्रित हवाई क्षेत्राची, म्हणजे विमानतळाच्या टॉवरच्या परवानगीशिवाय जिथे शिरता येत नाही त्या भागाची, रेषा चार्टवर (उड्डाणाच्या नकाशावर) नीट दिसते, पण खिडकीतून खाली बघितलं की नुसती शेतं.

ती रेषा वर जाऊन शोधायचीच नसते, आदल्या रात्री टेबलावर शोधायची. तुमचा ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून जाणारी तुमची वाट, हद्दीला जिथे कापतो त्याच्या चांगलं अलीकडे एक ठळक खूण धरा आणि टॉवरला पहिला कॉल तिथून करा. १०० नॉट (तासाला १०० नॉटिकल मैल) ग्राउंडस्पीडला, म्हणजे जमिनीच्या हिशेबातल्या वेगाला, ५ नॉटिकल मैल म्हणजे फक्त ३ मिनिटं. तेवढ्यात फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणी बोलत असलं तर वेळ गेलीच. आणि ‘स्टँड बाय’ ही परवानगी नव्हे. क्लिअरन्स, म्हणजे आत यायची स्पष्ट परवानगी, मिळेपर्यंत बाहेरच चकरा मारायच्या.

खूण निवडण्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. धारकडून परत येताना यशवंत सागर तलाव दिसला की बोलायचं, असं ठरवलं होतं. चार्टवर कसा छान निळा डाग! पण तो मे महिना. पाणी आत सरकलेलं, कडेला नुसता भेगाळलेला गाळ, चार्टवरच्या आकाराशी काही म्हणता काही जुळेना. मी आपला निळं शोधतोय, तोवर शेजारून सर शांतपणे म्हणाले, “टॉवरशी बोललास का?” मुळात तो तलाव विमानतळाच्या इतका जवळ, की तिथे पोचून परवानगी मागणं म्हणजे घरात शिरून ‘येऊ का?’ विचारणं. आता मी घाटाबिल्लोद हे गाव धरतो. धारचा रस्ता तिथे चंबळ ओलांडतो आणि उजव्या हाताला पीथमपूरच्या कारखान्यांचे पत्रे उन्हात चमकत असतात. नदी आटली तरी पूल कुठे जात नाही.

उंचीचा घोळ वेगळाच. इंदूरचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबातला हवेचा दाब, लावला की उभ्या विमानातही अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) तेवढं दाखवतो. समजा एखाद्या क्षेत्राचा तळ चार्टवर समुद्रसपाटीपासून ३,००० फूट दिलाय, तर त्याच्याखाली तुम्हाला मिळतात जेमतेम साडेअकराशे फूट. नवीन मुलं तीन हजार मोकळे धरून चालतात.

पेन्सिलीला टोक करा. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या चार्टवर १ मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर १ किलोमीटर होते! आणि सीनियरकडून आलेली झेरॉक्स वापरू नका. हद्दी बदलतात, त्या दुरुस्त्या २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात, मधले बदल नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनांमध्ये, येतात. टॅबलेटवरचा जीपीएस जरूर ठेवा, पण मालव्याच्या उन्हात तो तापून बंद पडलेला मी पाहिलाय.

हो, आणि चार्टची घडी घालताना हद्दीची रेषा नेमकी घडीवर येऊ देऊ नका. माझी आली होती.