तारण ठेवणारा आणि तारण होणारा

खानापूरहून एका वाचकाने विचारले आहे: शेजारच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत 'तारण (म्हणजे पापातून सुटका) मिळावे म्हणून विश्वास धरणारा स्वार्थी, प्रेमापोटी धरणारा निःस्वार्थी' असे ऐकले. हे बरोबर का?

व्याकरणाने तरी नाही. ज्याला स्वार्थ नाही तोच 'निःस्वार्थ'. त्याला वर आणखी 'ई' कशाला? निर्दोषी, निरपराधी ही त्याच कळपातली. आमच्याकडे सत्काराचा नारळ हातात पडला रे पडला की वक्ता 'निःस्वार्थी' म्हणतोच. 'रूढ झालंय, चालू द्या' म्हणणाऱ्या पंडितांना रूढी दिसते, शेपूट दिसत नाही. शिवाय 'स्वार्थ' ही मुळात शिवीच नव्हे. 'मुले खेळतात' यातल्या क्रियापदाचा अर्थ 'स्वार्थ' लिहून शाळेत सगळ्यांनीच गुण घेतले आहेत.

असो. त्या वाक्यातला खरा ऐवज 'तारण'. बेळगावच्या बाजारातल्या पाट्या बघा: मराठीत 'सोने तारण', कन्नडात 'अडमान'. चर्चमध्ये मात्र कन्नड माणूस 'रक्षणे' म्हणतो आणि मराठी माणूस पुन्हा 'तारण'च. कन्नडाने दोन खाती वेगळी ठेवली, आपण एकाच वहीत लिहिली. हा निव्वळ योगायोग, असे काही विद्वान सांगतात. त्यांनी कधी कर्ज काढलेले नसावे. दोन्ही शब्द 'तॄ' धातूचेच, अशी माझी खात्री आहे. तरणे, तारू, तीर्थ, अवतार सगळे त्याच घरातले. पुरावा हवा? मराठीत कर्ज बुडते. बुडीत खाते, कर्जबुडव्या. जे बुडू शकते त्यालाच तारावे लागते! फरक इतकाच की पतसंस्थेत तरतात ते धनकोचे पैसे. शुभवर्तमानात तरतो तो ऋणको. आणि घरच्या पाटल्यांना तिजोरीत पडून काय मिळते? काही नाही. ख्रिस्त त्या पाटल्यांच्या जागी आहे. ज्याचे तारण होते त्याचा स्वार्थ, जो तारण होतो त्याचा निःस्वार्थपणा, व्यवहार एकच.

मराठी बायबलला बाजाराचे वावडे नाहीच. मार्क 10:45 मध्ये येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो (हे ऐकून गुंड आठवत असतील तर दोष वर्तमानपत्रांचा), आणि इफिसकरांस 1:14 मध्ये पवित्र आत्मा हा वतनाचा 'विसार'. जमिनीचा सौदा केलेल्याला विसार समजावून सांगावा लागत नाही.

हां, प्रश्न राहिलाच. तारणासाठी धरलेला विश्वास स्वार्थ का? असेना. बुडणारा हात वर करतो, त्याला काठावरून आपमतलबी कोण म्हणेल? पण रोमकरांस 9:3 काढून बघा. आपल्या बांधवांसाठी स्वतः शापित होऊन ख्रिस्ताला अंतरावे, अशीही इच्छा ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल बोलून दाखवतो. म्हणजे हा गडी स्वतःचे तारणच तारण ठेवायला निघाला! सभेतल्या वक्त्यांना हे वचन दाखवा, आणि तेवढा 'ई' काढायला सांगा.