टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून रंग फिके दिसतात. चष्मा बदलू, की कोर्स संपेपर्यंत थांबू?

तुम्ही लिहिलंय की गोळ्यांचा तिसरा महिना चालू आहे, नजर धूसर झालीय, लाल रंग विटल्यासारखा वाटतो, कॉम्प्युटरवर वाचताना मधलीच अक्षरं गायब होतात आणि घरचे म्हणतात नंबर वाढला असेल. चष्मा बदलायचा की कळ काढायची, आणि तोवर रोजची कामं कशी निभवायची, असा प्रश्न आहे. चष्माही नको आणि थांबणंही नको. टीबीच्या गोळ्यांतलं इथॅम्ब्युटॉल नावाचं औषध डोळ्याला असं करू शकतं. उद्या सकाळी गोळ्यांची पट्टी घेऊन, ज्यांनी त्या सुरू केल्या त्या डॉक्टरांकडे जा. तिथून त्याच दिवशी डोळ्यांच्या ओपीडीत. उत्तर इथं संपलं तरी चालेल. पण हे दुखणं माझ्या पोटावर आलं होतं, त्यामुळे पुढचं लिहितोच.

मी हिंदमाताच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये काउंटरला उभा असतो, कॉलेज सुटल्यापासून. बायका साडी घेऊन येतात, आम्ही ब्लाउजपीस, अस्तर, फॉल जुळवून देतो. गिऱ्हाईकाच्या पिशवीतून साडी अर्धी बाहेर येईपर्यंत मी मागे वळून थप्पीतून पीस काढलेला असायचा. शेडकार्ड नवीन पोरांसाठी. चिंतामणी आणि मोरपंखी यांच्यातला फरक गिऱ्हाईकाला दारात उजेडात नेऊन दाखवावा लागतो, मला तो ट्यूबलाइटखालीही दिसायचा. बढाई वाटेल, तर आहेच बढाई. आमच्या धंद्यात दुसरं काय असतं माणसाकडे?

तर मानेत गाठ आली. सुईने तपासली, सीबीनॅटमध्ये (टीबीचे जंतू शोधायची मशीनची तपासणी) टीबी निघाला, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल असा रिपोर्ट आला. गाठीचा होता, छाती साफ होती, म्हणून दुकान सुटलं नाही. गोळ्या सुरू करताना बऱ्याच गोष्टी सांगितल्या. लघवी केशरी होईल, घाबरू नका. उपाशीपोटी घ्या. दारू बंद. पोषणाचे पैसे खात्यावर येतील, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्या. डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. लघवीचा रंग बदलणार हे सांगायला वेळ होता, पण जगातले रंग बदलू शकतात हे सांगायला नव्हता. याचा राग मला अजून आहे.

पहिले दोन महिने छान गेले. वजन भरलं, गाठ बसली. मग लग्नसराईत एक काकू आल्या, लालबागच्या, मुलीच्या साखरपुड्याच्या साड्यांचा गठ्ठा घेऊन. वरचीच साडी डाळिंबी. मी वळलो आणि थप्पीपुढे उभाच राहिलो. डाळिंबी, मरून, कॉफी या तिन्ही थप्प्या मला एकच दिसत होत्या. म्हटलं ट्यूब उडतेय. एक पीस ओढला, साडीच्या पदरावर ठेवला. मला जुळला. काकू काही बोलल्या नाहीत, पण दुकानातला पोऱ्या हळूच म्हणाला, “दादा, हा कॉफी आहे.” मी पीस घेऊन दारात गेलो. भर दुपारचं ऊन, आणि हातातलं कापड पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं. मान वर केली तर समोरून बेस्टची बस चालली होती. विटकरी. लाल नव्हे, विटकरी. त्या क्षणी कळलं की ट्यूब ठीक आहे.

काकूंना पोऱ्याने माल दिला. मी गल्ल्यावर बसलो. शेठला सांगितलं चक्कर येतेय.

खरी करमणूक त्यानंतरची. चष्म्याच्या दुकानात तपासलं, सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. सहा बाय सहा. “नजर एकदम क्लिअर आहे, साहेब.” गोळ्या जिथून चालू होत्या त्या दवाखान्यात सांगितलं तर म्हणाले अशक्तपणा आहे, गाजर खा, बी-कॉम्प्लेक्स घ्या. शेठ म्हणाले सीझनमध्येच बरे डोळे जातात तुमचे. पांढऱ्यावरची काळी अक्षरं वाचता आली म्हणजे डोळा शाबूत, ही समजूत पार सुशिक्षित माणसांपर्यंत आहे. या त्रासात सुरुवातीला तक्ता नीट वाचता येऊ शकतो आणि लाल-हिरवा आधी जातो. ना दुखत, ना डोळा लाल होत, ना पाणी येत. बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना होतं, त्यामुळे एका डोळ्याशी दुसरा ताडून बघायचीही सोय नाही. पेशंट सांगतो तेवढाच पुरावा, आणि नेमकं त्याचंच कोणी ऐकत नाही.

शेवटी बायकोने एक दिवस रजा टाकली आणि मला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. केसपेपर, रांग, बाकडं, पुन्हा रांग. आत एक शिकाऊ डॉक्टर होती, आमच्या पुतणीच्या वयाची. तिने विचारलं, “काका, गोळ्या कसल्या चालू आहेत?” मी पट्टी काढून दिली. तिने मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि कपाटातून एक पुस्तक काढलं. जपानी डॉक्टर इशिहारांचं, १९१७ साली पहिल्यांदा निघालेलं; रंग तपासायला अजून तेच वापरतात. पानावर रंगीत ठिपक्यांचा गोल, त्यात आकडा. एक डोळा झाकायचा आणि वाचायचं. पहिल्या पानावरचा बारा वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो, हे तिने मागाहून सांगितलं. पुढच्या पानांवर नुसते ठिपके. मी पानं उलटत होतो, बायको मागे उभी होती आणि तिला सगळे आकडे दिसत होते. ती एकदाही बोलली नाही. मग पडद्याची तपासणी झाली, दृष्टीच्या क्षेत्राची झाली (डब्यात डोकं घालून दिवा दिसला की बटण दाबायचं), आणि चिठ्ठी मिळाली: इथॅम्ब्युटॉल बंद करावे.

हे औषध डोळ्यामागच्या नसेला त्रास देऊ शकतं. डॉक्टर लोकांना हे नवीन नाही, त्यांच्या पुस्तकात आहे. डोस जास्त तेवढा धोका जास्त, म्हणून वजनावर ठरवतात, मोठ्या माणसाला किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून ज्यांची किडनी कमजोर त्यांच्या अंगात ते साठतं. त्रास बहुधा सुरू होतो तो दोनेक महिने उलटल्यावर. तुमचा तिसरा चालू आहे ना? सरकारी पट्टीतल्या एका गोळीत २७५ मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल असतं आणि ते बाकीच्या औषधांबरोबर एकाच गोळीत दाबलेलं असतं, त्यामुळे आपल्याला ते वेगळं काढून टाकता येत नाही. डॉक्टरांनी मला सुट्या गोळ्या लिहून दिल्या, आयसोनियाझिड वेगळी, रिफाम्पिसिन वेगळी. कोर्स चालूच राहिला आणि पुरा झाला.

चाळीतले जुने टीबीवाले तुम्हाला सांगतील, आम्हाला नाही काही झालं. त्यांचंही खरं आहे. पूर्वी डॉट्समध्ये, म्हणजे टीबीच्या सरकारी उपचारात, गोळ्या दिवसाआड असत आणि साध्या टीबीच्या पेशंटचं इथॅम्ब्युटॉल दोन महिन्यांनी सुटायचं. २०१७ पासून रोजच्या गोळ्या आल्या आणि ते पुढच्या चार महिन्यांतही राहिलं. टीबीसाठी ते चांगलंच झालं. पण मग डोळ्यांवर लक्षही पूर्ण सहा महिने ठेवायला हवं.

आता आमचे मेहुणे. डोंबिवलीला त्यांचं मेडिकल आहे, त्यामुळे घरात कुणाला शिंक आली तरी निकाल तेच देतात. चिठ्ठी बघून म्हणाले, “भावोजी, टीबीच्या कोर्सला हात लावायचा नसतो. रेझिस्टंट झालात, जंतू गोळ्यांना दाद देईनासे झाले, तर दोन दोन वर्षं काढाल.” बायको रडायला लागली. तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक सत्यनारायणाला हाच विषय: भावोजींनी एक गोळी सोडली, नशीब म्हणून वाचले. मेहुणे हे वाचणार आहेत, त्यांच्या मुलीच्या फोनवर तरी वाचणारच, म्हणून सावकाश लिहितो. कोर्सला हात लावायचा नाही, हा नियम पेशंटसाठी आहे. मी एकही गोळी स्वतःहून सोडली नाही. डॉक्टरने रिपोर्ट बघून, गाठ बघून, कुठल्या औषधाला जंतू दाद देतात ते बघून एक औषध काढलं, तर तो कोर्स मोडणं नव्हे. तोच इलाज आहे. आणि मेहुण्यांचं ऐकून पुढचे तीन महिने कळ काढली असती तर आज मी काउंटरला नसतो. औषध लवकर थांबलं तर नजर बऱ्याचदा परत येते, उशीर केला तर काहींची येत नाही. रेझिस्टन्सची भीती खरी, पण ती दाखवून दुसऱ्याला गप्प बसवायचं हे कुठल्या कंपनीच्या पट्टीवर लिहिलंय?

रंग हळूहळू आले, महिने लागले. आधी राणी कलर आला, तो तसाही आंधळ्याला दिसेल. मग हिरवे. उजव्या डोळ्याला डाळिंबी अजून जरा मळका दिसतो, तेवढं राहिलंय.

तोवर कामं कशी करायची, हे तुम्ही विचारलंत. मी थानांवरच्या स्टिकरचे शेड नंबर पाठ केले आणि मला दिसतंय त्यापेक्षा नंबरवर विश्वास ठेवला. पोऱ्याला सरळ सांगितलं की लाल घराण्यातलं सगळं तू बघ. सिग्नलला रंग बघायचा नाही, वरचा दिवा पेटलाय की खालचा ते बघायचं, आणि लोक चालायला लागल्याशिवाय पाय टाकायचा नाही. टोमॅटो दाबून घ्यायचे. वाचायला पिवळा दिवा काढून पांढरा लावला, मोबाइलची अक्षरं मोठी केली. बायकोच्या साडीवर मत द्यायचं नाही, हा एक फायदाच झाला. रोज सकाळी एकेक डोळा झाकून एकाच कॅलेंडरवरचे लाल तारखेचे रविवार बघायचो. कालच्यापेक्षा कमी दिसले तर त्याच दिवशी फोन. तुमचं काम कॉम्प्युटरवरचं दिसतंय, त्यातलं मला फार कळत नाही, साहेबांना आधी सांगून ठेवा एवढंच.

आता दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्या बहुतेकांना डोळ्यांचं काही होत नाही, त्यामुळे हे वाचून कुणी गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत. टीबी अंगावर काढला तर माणूस जातो. आणि तुमची धूसर नजर याच औषधामुळे आहे हे मी इथं बसून सांगू शकत नाही. साखर वाढली तरी धूसर दिसतं, टीबी खुद्द डोळ्यातही होतो, मोतीबिंदू असतो, खरंच नंबरही असतो. तपासल्याशिवाय कळणार नाही. रेझिस्टंट टीबीवाल्यांना लिनेझोलिड देतात, त्यानेही डोळ्यामागची नस दुखावू शकते, त्यांनी तर रंगांकडे जास्तच लक्ष ठेवावं. किडनीचा त्रास असेल तर विचारायची वाट न बघता आधी सांगा. लहान मुलांना रंग बिघडला हे सांगता येत नाही, त्यांचं डॉक्टरांनाच मुद्दाम विचारा.

ओपीडीचा केसपेपर सकाळीच काढा, दुपारनंतर बहुतेक ठिकाणी खिडकी बंद होते. पट्टी, जुने रिपोर्ट, चष्मा असेल तर तो, सगळं बरोबर घ्या. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, चार-पाच तास उजेड सोसत नाही, म्हणून कुणाला तरी सोबत न्या. आणि बाइक चालवत असाल तर ती आजपासून खाली लावून ठेवा.