नव्या तलावावर जाताना

भाऊ, भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावावर (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या तलावावर) पहिल्यांदा गळ घेऊन जातोयस, तर आधी गावात विचार. यातले बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, मासळी त्यांनी बीज सोडून वाढवलेली असते. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांशी दोन घटका बोललास, तर खोल पाणी कुठं, बुडालेली खोडं कुठं, सगळं कळेल. नवेगावबांधला मात्र गळ नेऊच नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अर्धा तास नुसतं पाणी बघ. मरळ हवा घ्यायला वर येते. कमळाच्या पानांकडेला ‘पुळुक’ झालं आणि गोल उठला, की जागा सापडली. तिथं गांडूळ किंवा छोटी बेडकी लाव. रोहूला कणकेचा गोळा, तळाशी.

पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसेल. खाली आईबाप राखण करत असतात. तिथं गळ टाकू नको, हात जोडून सांगतो. मी एकदा टाकला होता. मरळ हाती आली आणि बघता बघता दुसऱ्या मासळीनं पुंजका फाडला. अजून सलतं.

तुटलेला नायलॉनचा दोरा गोळा करून घरी आण, बगळ्यांच्या पायात अडकतो.